भावना ओळखणारा संगणक घडवताना : आवाजापासून सुरुवात करणाऱ्या नवख्यांसाठी

या लेखात आखून दिलेला प्रकल्प पायथन थोडीफार येणाऱ्या आणि लॅपटॉप व साधा मोबाइल जवळ असणाऱ्या कोणालाही महाविद्यालयाच्या एका सत्रात पुरा करता येईल. इंदूरमधील मराठी भाषकांची छोटी वाक्ये ध्वनिमुद्रित करायची, त्यांना भावनांची नावे द्यायची, त्या आवाजातून मोजता येतील अशा गोष्टी आकड्यांत काढायच्या, त्यांवर एक साधे मॉडेल, म्हणजे आकड्यांवरून भावनेचे नाव सांगणारा संगणक-कार्यक्रम, शिकवायचे आणि मग चेहऱ्याकडे वळायचे, असा त्याचा क्रम आहे. आधी आवाज घेण्याचे कारण व्यावहारिक आहे. कॅमेरा समोर आला की माणसे अवघडतात, फोनवर बोलायला मात्र सहसा कोणी बिचकत नाही. शिवाय आवाजाचे सुरुवातीचे सगळे काम महागड्या ग्राफिक कार्डाशिवाय होते.

काम हाती घेण्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की केलेली बरी. संगणकाला मिळतात ते आवाजाच्या लहरींचे आकडे आणि चित्रातील ठिपके, आणि त्यांना ‘राग’ किंवा ‘आनंद’ ही नावे दिलेली असतात माणसांनी, ऐकून किंवा पाहून. त्यामुळे यंत्र जे शिकते ते ऐकणाऱ्यांचे मत असते. बोलणाऱ्याच्या मनात काय चालले होते, याचा पुरावा त्याच्यापाशी कधीच नसतो. नाट्यशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर मायक्रोफोनच्या हाती केवळ अनुभाव, म्हणजे भावनेची बाहेर उमटलेली खूण, लागते. समोर कोण होते, आधी काय घडले होते, हा विभाव त्याला ठाऊक नसतो. २०१९ साली लिसा फेल्डमन बॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावरील संशोधनाचा विस्तृत आढावा घेऊन असाच इशारा दिला होता की नुसत्या चेहऱ्याच्या हालचालींवरून भावना खात्रीने सांगता येत नाही, कारण रागावलेला माणूस दर वेळी भुवया आक्रसत नाही आणि भुवया आक्रसणारा दर वेळी रागावलेला नसतो. ही मर्यादा मान्य करूनच पुढील सर्व पायऱ्या आखल्या आहेत.

पहिली पायरी : भावना ठरवणे

पॉल एकमन यांनी मांडलेल्या राग, किळस, भीती, आनंद, दुःख आणि आश्चर्य या सहा मूलभूत भावनांची यादी बहुतेक प्रकल्पांत जशीच्या तशी उचललेली दिसते. नवख्याने ती पूर्ण घेऊ नये. किळस आणि आश्चर्य या भावना बोलण्यात बहुधा क्षणभरच डोकावतात आणि पूर्ण वाक्यभर टिकवायला सांगितल्या की बोलणारा हमखास नाटकी होतो. राग, आनंद, दुःख, भीती आणि ‘सहज’ म्हणजे कोणताही विशेष भाव नसलेले बोलणे, एवढे पाच प्रकार पुरेत.

यांच्या जोडीला जेम्स रसेल यांनी १९८० मध्ये मांडलेले दोन अक्षही ठेवावेत: बोलणे किती सुखद वा असुखद वाटते आणि किती शांत वा उत्तेजित वाटते. पुढे ऐकणाऱ्यांना भावनेच्या नावासोबत प्रत्येक अक्षाला १ ते ५ गुण द्यायला सांगितले की काम थोडे वाढते, परंतु पुढे मॉडेल कुठे आणि का चुकते हे समजून घेताना हेच गुण सर्वांत जास्त उपयोगी पडतात.

दुसरी पायरी : वाक्ये आणि बोलणारे

वाक्यातील शब्दच भावना सांगू लागले तर आवाजाकडून शिकण्यासारखे काही उरत नाही. ‘रॅव्हडेस’ या प्रसिद्ध इंग्रजी संग्रहात २४ कलाकार दोनच साधी वाक्ये आठ भावनांत बोलतात, ते याच कारणाने. आपल्यालाही अशीच कोरी वाक्ये हवीत: ‘मामा उद्या गावाला जाणारेत’, ‘दाराशी कुणीतरी उभं आहे’, ‘आजी आतल्या खोलीत आहे’, ‘रवी गाडी घेऊन आलाय’. ‘उद्या नळाला पाणी येणार नाही’ हे वाक्य दिसायला निरुपद्रवी असले तरी नर्मदेच्या पाण्याची एक दिवसाआड वाट पाहणाऱ्या इंदूरकराच्या तोंडून ते सहज स्वरात निघणे अवघड आहे, म्हणून ते टाळावे. वाक्ये घरी बोलतो तशीच लिहून द्यावीत, कारण पुस्तकी वाक्य समोर आले की माणूस बोलण्याऐवजी वाचू लागतो. आणखी एक बाब ध्यानात ठेवावी: स्वराची उंची फक्त घोष ध्वनींत मोजता येते, म्हणून स्वर आणि ग, ज, द, म, न, ल, व यांसारखी व्यंजने भरपूर असलेली वाक्ये निवडावीत.

चार वाक्ये, पाच भावना, प्रत्येकी दोन वेळा, म्हणजे एका माणसाची ४० मुद्रणे झाली. असे २० जण मिळाले की ८०० मुद्रणे होतात आणि प्रत्येक सुमारे तीन सेकंदांचे धरले तर सगळा ऐवज ४० मिनिटांचा. एवढ्यावर जग जिंकता येत नाही, पण शिकण्यापुरते ते भरपूर आहे. रामबाग, लोकमान्य नगर किंवा सुदामा नगर अशा वस्त्यांत ओळखीपाळखीने २० जण सहज जमतात. त्यांत स्त्रिया आणि पुरुष सारखे असावेत आणि वयेही वेगवेगळी असावीत.

इंदूरमध्ये गणेशोत्सवात किंवा हौशी नाट्यसंस्थांत काम केलेली मंडळी पुष्कळ आहेत आणि अशा कामासाठी प्रथम त्यांचीच आठवण होते. अर्धे बोलणारे त्यांतून घ्यायला हरकत नाही. खरगपूरच्या आयआयटीनेही तेलुगू आणि हिंदीतील भावनांचे संग्रह आकाशवाणीच्या कलाकारांकडूनच करवून घेतले होते. मात्र रंगमंचावरचा राग शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवण्यासाठी असतो. घरातला राग पुष्कळदा आवाज खाली आणून, एकेक शब्द तोडून व्यक्त होतो, आणि मोठ्या आवाजाचा रागच पाहिलेले मॉडेल अशा थंड रागाला बिनदिक्कत ‘सहज’ म्हणते. म्हणून बोलणाऱ्याला नुसते ‘रागाने बोला’ असे न सांगता प्रसंग द्यावा: ‘हेच तिसऱ्यांदा सांगावे लागते आहे’, ‘पाहुण्यांसमोर ओरडता येत नाही’. प्रत्येक मुद्रणाच्या नोंदीत तो प्रसंगही लिहून ठेवावा. नंतर त्याच माणसांना आपल्या आयुष्यातील एखादी खरी हकिकत मोकळेपणाने सांगायला लावून तेही मुद्रित करावे, परंतु हा संच वेगळा ठेवावा. तो फक्त शेवटच्या चाचणीसाठी वापरायचा आहे.

इथे इंदूरच्या मराठीची एक अडचण येते. आपल्याकडे बोलता बोलता हिंदीत शिरणे इतके अंगवळणी पडलेले आहे की ‘अरे भिया’ कधी आले हे बोलणाऱ्यालाही कळत नाही, आणि चिडल्यावर तर हा ओघ आणखी वाढतो. मोकळ्या हकिकतींत हिंदी वाक्ये रागाच्याच वेळी आली आणि तीच शिकवण्यासाठी वापरली गेली, तर मॉडेल हिंदी ओळखायला शिकेल आणि आपण समजू की ते राग ओळखते. हिंदी वगळू नये, कारण ती इथल्या बोलण्याचाच भाग आहे. प्रत्येक भावनेत ती थोडीफार असेल एवढे पाहावे.

तिसरी पायरी : ध्वनिमुद्रण

सर्वांसाठी एकच फोन, तोंडापासून सुमारे एक वीत अंतर, एकच खोली, पंखा आणि कूलर बंद. मे महिन्यात हे काम काढू नये हे ओघानेच आले. फाइल संकुचन नसलेल्या वेव्ह प्रकारची, एकवाहिनी (मोनो), १६ बिटांची आणि १६ किलोहर्ट्झची असावी. आवाजाची पातळी सर्वांत मोठ्या ओरडण्यावरून ठरवावी, अन्यथा रागाच्या लहरींचे माथे कापले जातात आणि ते कापलेपणच रागाची खूण ठरते. पातळी आपोआप सारखी करणारी सोय फोनमध्ये असेल तर ती बंद करावी. तसेच रागाचे नमुने मालिकांतून, दुःखाचे व्हॉट्सअ‍ॅपवरील ध्वनिसंदेशांतून आणि सहज बोलणे आपल्या फोनवरून, अशी गोधडी कधीही शिवू नये. अशा संग्रहावर शिकलेले मॉडेल भावना न ओळखता मुद्रणाचे साधन ओळखते, आणि गंमत म्हणजे त्याचे गुण फार छान दिसतात.

मुद्रणापूर्वी प्रत्येकाची लेखी संमती घ्यावी: आवाज कशासाठी वापरला जाईल, कोठे साठवला जाईल, आणि मन बदलले तर तो कसा काढून टाकता येईल. अठरा वर्षांखालील मुलांचे आवाज पहिल्या प्रकल्पात घेऊच नयेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात त्यांच्यासाठी पालकांच्या पडताळता येणाऱ्या संमतीची अट आहे. फाइलीच्या नावात माणसाचे नाव न घालता ‘ब०७’ असा क्रमांक द्यावा.

चौथी पायरी : नावे देणे

हीच पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि हीच सर्वांत जास्त उरकून टाकली जाते. बोलणाऱ्याला ‘दुःखाने बोला’ असे सांगितले होते, म्हणून ते मुद्रण दुःखाचे झाले असे होत नाही. ऐकणाऱ्यांना ते तसे वाटायला हवे. किमान पाच ऐकणारे घ्यावेत, त्यांनी एकमेकांपासून वेगळे बसून, हेडफोन लावून, उलटसुलट क्रमाने मुद्रणे ऐकावीत आणि मूळ सूचना त्यांना दिसू नये. पाच भावनांसोबत ‘यांपैकी काही नाही’ हा पर्याय अवश्य ठेवावा. एका बैठकीत शंभरापेक्षा जास्त मुद्रणे देऊ नयेत, कारण थकलेला कान सगळ्यालाच ‘सहज’ म्हणू लागतो.

रोजच्या बोलण्यातले एक उदाहरण घेऊ. बऱ्याच दिवसांनी घरी आलेल्या भाच्याला मावशी दारातच म्हणते, ‘आलास? आता झाली का रे आठवण आमची?’ शब्दांत तक्रार आहे, स्वर चढलेला आहे, वेग जास्त आहे आणि शेवटच्या ‘आमची’वर आवाज हेलकावा घेऊन खाली येतो. समजा, पाचपैकी तिघांनी याला राग म्हटले आणि दोघांनी आनंद. बहुमताने ‘राग’ लिहून पुढे जाणे सोपे आहे, पण ज्या घरात अशाच बोलण्याने स्वागत होते तिथल्या माणसाला हा निकाल हास्यास्पद वाटेल. अशा वेळी नाव एकच न देता ०.६ राग आणि ०.४ आनंद असे वाटे तसेच ठेवावेत आणि मॉडेललाही तेच शिकवावेत. ऐकणाऱ्यांत जे मतभेद असतात त्यांतही माहिती असते. ती पुसून टाकली की यंत्राला खोटी खात्री येते. ऐकणाऱ्यांपैकी दोघे तरी इंदूरमध्ये वाढलेले असावेत, आणि एखादा पुण्याहून वा नागपूरहून नव्याने आलेला मिळाला तर फारच उत्तम, कारण मोठ्याने आणि आपुलकीने बोलण्याची इथली रीत बाहेरच्याला किती वेळा भांडण वाटते हे त्यावरून कळते.

ऐकणाऱ्यांचे एकमत किती, हे फ्लाइस यांच्या कप्पा या मापाने काढावे. संपूर्ण एकमत असेल तर कप्पा १ येतो आणि निव्वळ योगायोगाइतकेच एकमत असेल तर ०. भावनांच्या कामात ०.४ ते ०.५ एवढा कप्पा आला तरी निराश होऊ नये. मात्र माणसांचेच जिथे एकमत नाही तिथे मॉडेलकडून ९५ टक्के अचूकतेची अपेक्षा करणे गैर आहे.

पाचवी पायरी : आवाजाचे आकडे करणे

पायथनमधील लिब्रोसा हे ग्रंथालय यासाठी सोयीचे आहे. फाइल उघडताना नमुना-दर (सेकंदाला आवाजाची किती मोजमापे) स्वतः १६,००० लिहावा; काहीच न लिहिल्यास ते आवाज गुपचूप २२,०५० वर नेते आणि पुढचे हिशेब जुळत नाहीत. आवाजाचे २५ मिलिसेकंदांचे तुकडे दर १० मिलिसेकंदांनी घेतले की तीन सेकंदांच्या वाक्याचे सुमारे ३०० तुकडे होतात. प्रत्येक तुकड्यातून एमएफसीसी नावाचे १३ गुणांक काढतात, जे स्थूलमानाने आवाजाच्या पोताचे वर्णन करतात. त्यांची वाक्यभराची सरासरी आणि प्रमाण विचलन घेतले की २६ आकडे मिळतात. त्यांच्या जोडीला स्वराची उंची, जोर, बोलण्याचा वेग आणि विरामांची लांबी घ्यावी.

स्वराच्या उंचीवर थोडे थांबायला हवे. समजा, एका पुरुषाचे सहज बोलणे १२० हर्ट्झच्या आसपास असते आणि रागात ते १८० वर जाते; एका स्त्रीचे सहज बोलणे २२० वर असते आणि रागात २८० वर जाते. हर्ट्झमध्ये दोघांचा फरक ६० चाच, परंतु कानाला गुणोत्तर ऐकू येते. १२० वरून १८० म्हणजे षड्जावरून थेट पंचम, तर २२० वरून २८० म्हणजे जेमतेम शुद्ध गंधाराच्या जरासे वर. गाणे शिकलेल्या कोणालाही हे दोन चढ सारखे वाटणार नाहीत. म्हणून उंची हर्ट्झमध्ये न ठेवता अर्धस्वरांत (सप्तकाच्या बारा समान पायऱ्यांत) बदलावी आणि प्रत्येक बोलणाऱ्याच्या स्वतःच्या सरासरीपासून किती वर वा खाली, असे मोजावे. हे केले नाही तर सहज बोलणारी स्त्रीसुद्धा मॉडेलला रागावलेल्या पुरुषापेक्षा उत्तेजित वाटते. अडचण एवढीच की नव्या माणसाचा आवाज तपासण्याआधी त्याची दोनचार साधी वाक्ये ऐकावी लागतात.

उंची काढणारी साधने कधीकधी दुपटीने किंवा निमपटीने चुकतात, विशेषतः घोगऱ्या आणि रडवेल्या आवाजात. शोधाची मर्यादा ७५ ते ५०० हर्ट्झ ठेवावी आणि दहापंधरा फाइली प्राट या मोफत कार्यक्रमात उघडून उंचीची रेषा डोळ्यांनी पाहावी. हे सगळे आकडे एकदम हवे असतील तर ओपनस्माइल या साधनातील ‘ईजीमॅप्स’ हा ८८ मापांचा तयार संच वापरता येतो, मात्र दोनचार मापे आधी स्वतः काढून पाहिलेली असावीत.

सहावी पायरी : मॉडेल आणि त्याची परीक्षा

पायथनच्या सायकिट-लर्न या ग्रंथालयातील सपोर्ट व्हेक्टर मशीन किंवा रँडम फॉरेस्ट या वर्गीकरणाच्या पद्धतींपैकी कोणतीही चालेल. मॉडेल कोणते घ्यावे यावर नवखे वाजवीपेक्षा जास्त वेळ घालवतात. खरी मेख परीक्षेत आहे. ८०० फाइली पिसून त्यांतल्या २० टक्के बाजूला काढल्या, तर ‘ब०७’ची काही वाक्ये शिकवणीत जातात आणि काही परीक्षेत, आणि मॉडेल त्या माणसाच्या आवाजाचीच ओळख ठेवून उत्तरे देते. म्हणून वाटणी माणसांनुसार करावी. सायकिट-लर्नमधील ‘ग्रुप-के-फोल्ड’ या सोयीला बोलणाऱ्याचा क्रमांक द्यावा, २० जणांचे पाच गट करावेत आणि दर वेळी चार जण पूर्णपणे बाहेर ठेवावेत. असे केल्यावर अचूकता लक्षणीय घसरते. घसरलेला आकडाच खरा मानावा. त्याचप्रमाणे एक वाक्य शिकवणीतून पूर्ण वगळून त्यावरही परीक्षा घ्यावी.

पाच भावनांत डोळे मिटून उत्तर दिले तरी २० टक्के बरोबर येतात, तेव्हा तुलना तिथून सुरू होते. एकूण अचूकतेऐवजी प्रत्येक भावनेतील किती टक्के नमुने ओळखले याची सरासरी काढावी. त्यानंतर कोणत्या भावनेला मॉडेलने काय म्हटले, याचा चौकटींचा तक्ता मांडावा. त्यात बहुधा असे दिसेल की राग आणि आनंद एकमेकांत मिसळतात आणि दुःख व सहज बोलणे एकमेकांत मिसळते. उंची, जोर आणि वेग ही मापे मुख्यतः उत्तेजितपणा सांगतात, सुखद-असुखद फारसे सांगत नाहीत. पहिल्या पायरीत ठरवलेले रसेल यांच्या अक्षांवरील गुण इथे ताडून पाहिले की हे लगेच स्पष्ट होते.

एवढे झाल्यावर पाहिजे तर वेव्हटूव्हेक सारखे आधीच शिकवलेले मोठे मॉडेल घ्यावे. चेन्नईच्या आयआयटीतील एआयफॉरभारत गटाने भारतीय भाषांच्या आवाजावर शिकवलेली अशी मॉडेले खुली केलेली आहेत. अशा मॉडेलचे अंतर्गत भाग न बदलता त्यातून निघणारे आकडे सरासरीने घेऊन आपल्याच साध्या मॉडेलला द्यावेत. परीक्षा मात्र तीच, माणसांनुसार वाटलेली.

सातवी पायरी : चेहरा

राग आणि आनंद वेगळे करण्यासाठी बोलतानाच्या चित्रीकरणातील चेहऱ्याची मदत होते. मीडियापाइप हे मोफत साधन चेहऱ्यावरील ४६८ बिंदू शोधून देते. एकमन आणि फ्रीसन यांनी १९७८ मध्ये चेहऱ्याच्या स्नायूंच्या हालचालींना क्रमांक देण्याची पद्धत प्रसिद्ध केली. त्यात ४ म्हणजे भुवया खाली ओढणे, ६ म्हणजे गाल वर उचलणे आणि १२ म्हणजे ओठांचे कोपरे वर खेचणे. ‘हा चेहरा आनंदी आहे’ असे म्हणण्यापेक्षा ‘६ आणि १२ एकत्र दिसले’ असे नोंदवणे जास्त प्रामाणिक आहे, आणि शिकणाऱ्यालाही त्यातून जास्त समजते.

सर्वत्र वापरला जाणारा फेर-२०१३ हा संग्रह ३५,८८७ चित्रांचा आहे, पण ती चित्रे ४८ गुणिले ४८ ठिपक्यांची, कृष्णधवल आणि इंटरनेटवरून गोळा केलेली आहेत. किळसेची तर जेमतेम साडेपाचशेच्या आत आहेत. सरावासाठी तो ठीक, आपल्या माणसांसाठी पुरेसा नाही. बोलताना ओठ हलतातच, त्यामुळे ‘ई’ उच्चारताना ताणलेले ओठ हसू समजले जातात. चित्रीकरणातील विरामांची चित्रे आणि बोलण्याची चित्रे वेगळी तपासावीत. चष्मा, खिडकीमागून येणारा उजेड आणि दाढी यांच्यामुळेही निकाल हलतो. रंगपंचमीच्या गेरीतील, म्हणजे रंग उधळणाऱ्या मिरवणुकीतील, छायाचित्रांवर प्रयोग करण्याचा मोह होईल, तो करमणूक म्हणूनच करावा.

आवाज आणि चेहरा यांची मॉडेले स्वतंत्र शिकवावीत आणि शेवटी दोघांनी प्रत्येक भावनेला दिलेल्या संभाव्यता ठरावीक वजनाने मिळवाव्यात. ते वजन परीक्षेच्या संचावर न ठरवता शिकवणीतून बाजूला ठेवलेल्या माणसांवर ठरवावे.

आठवी पायरी : वापर आणि नोंद

मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये आपल्या चेहरा-सेवेतून भावना सांगण्याची सोय मागे घेतली, आणि युरोपीय संघाच्या कायद्यानुसार २ फेब्रुवारी २०२५ पासून कामाच्या ठिकाणी आणि शिक्षणसंस्थांत अशा प्रणालींना, वैद्यकीय व सुरक्षिततेचे अपवाद सोडून, बंदी आहे. आपल्याकडे एखाद्या शिकवणी वर्गाने किंवा दुकानाने हे मॉडेल मुलांवर वा नोकरांवर वापरायला मागितले तर नकार द्यावा. पडद्यावर निकाल दाखवताना ‘राग आला आहे’ असे न लिहिता ‘ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना हा आवाज रागीट वाटला असता’ असे लिहावे; वाक्य लांबते, पण खरे राहते.

शेवटी प्रकल्पासोबत एका पानाची नोंद ठेवावी. त्यात किती बोलणारे, त्यांची वये, स्त्रिया-पुरुष, कोणत्या वस्त्यांतील, त्यांतले रंगमंचावरचे किती, कोणता फोन, किती ऐकणारे, कप्पा किती, प्रत्येक भावनेत किती टक्के ओळख आणि मोकळ्या हकिकतींवर ती किती घसरली, एवढे असावे. मग बडोद्याच्या किंवा ग्वाल्हेरच्या एखाद्या मराठी नातेवाइकाकडून तीच चार वाक्ये मुद्रित करून मागवावीत, मॉडेलला ऐकवावीत आणि आलेला निकाल त्याच पानाच्या शेवटच्या ओळीत, कितीही कमी आला तरी, जसाच्या तसा लिहावा.